ओसरीवरून : जहाजाचें बारसें

घरांत मूल जन्मास आलें कीं बारशापर्यंत नांवाचा खल चालतो. प्रत्येकाच्या मनांत एकेक नांव असतें. आणि शेवटीं आत्याबाई पाळण्यांतल्या बाळाच्या कानांत सांगतात तें पुष्कळदां पणजोबांचेंच निघतें. नांव म्हणजे नुसती हांक मारण्याची सोय नव्हे. मागच्यांचें ऋण आणि पुढच्यांची अपेक्षा त्यांत एकत्र येते. जहाजांच्या नांवांचेंही असेंच आहे, आणि त्यांतली एक कथा आमच्या सोलापुरापासून सुरू होते.

सोलापूर हें चादरींचें, गिरण्यांचें आणि सिद्धेश्वराच्या तळ्याचें गांव; समुद्र येथून कितीतरी कोस दूर. तथापि हिंदी आगबोटींच्या धंद्यास पायावर उभे करणारे शेठ वालचंद हिराचंद २३ नोव्हेंबर १८८२ रोजीं याच गांवीं जन्मले. व्यापारी जैन घराण्यांतला हा तरुण लक्ष्मणराव फाटक यांच्या भागीदारींत बार्शी लाइट रेल्वेच्या कंत्राटांत शिरला, आणि पुढें १९१९ सालीं थेट समुद्राकडे वळला.

त्या वर्षीं त्यांच्या सिंदिया कंपनीनें घेतलेली पहिली आगबोट विलायतेंत बांधलेली होती. तिचें मूळ नांव ‘एम्प्रेस ऑफ इंडिया’, म्हणजे हिंदुस्थानची सम्राज्ञी. पहिल्या महायुद्धांत ग्वाल्हेरच्या शिंदे महाराजांनीं ती विकत घेऊन हिंदी सैनिकांसाठीं तिचें तरतें इस्पितळ केलें, आणि तिला ‘लॉयल्टी’, म्हणजे राजनिष्ठा, असें नांव दिलें. हीच बोट ५ एप्रिल १९१९ रोजीं मुंबईहून लंडनकडे निघाली; तो दिवस आज राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळला जातो. मालक हिंदी झाले खरे, पण बांधणी परकी, आणि नांवही परक्यांस संतोष देणारें!

विकत घेतलेल्या बोटींवर वालचंद थांबले नाहींत. २१ जून १९४१ रोजीं विशाखापट्टण येथें बाबू राजेंद्रप्रसाद यांच्या हस्तें गोदीची कोनशिला बसली. पुढच्याच एप्रिलांत त्या शहरावर जपानी बॉम्ब पडले व काम खोळंबलें. तरीही १४ मार्च १९४८ रोजीं पंडित नेहरूंच्या हस्तें तेथील पहिलें आठ हजार टनी जहाज पाण्यांत उतरलें. त्याचें नांव ‘जलउषा’. राजनिष्ठेपासून उषेपर्यंतची ही वाटचाल एकोणतीस वर्षांची होती.

हें आठवण्याचें कारण असें कीं, त्याच गोदीकडे आतां नौदलाचीं पुरवठा-जहाजें बांधण्याचें काम आलें आहे. ऑगस्ट २०२३ मध्यें अशा पांच जहाजांचा सुमारें १९,००० कोटी रुपयांचा करार झाला. प्रत्येक जहाज सुमारें ४४,००० टनांचें. १० एप्रिल २०२४ रोजीं पहिल्या जहाजासाठीं पोलाद कापण्यास आरंभ झाला.

पुरवठा-जहाज म्हणजे आरमाराचें कोठीघर. इंधन, पाणी, दारूगोळा, शिधा घेऊन तें लढाऊ जहाजांबरोबर जातें, आणि भर समुद्रांत दोन्ही जहाजें शेजारी-शेजारी चालत असतां मध्यें दोर व नळ ताणून इंधन पोंचवितें. एकत्र कुटुंबांत कोठीची किल्ली सांभाळणाऱ्या माउलीचें नांव बाहेर कोणी घेत नाहीं. पण ती चार दिवस अंथरुणास खिळली कीं घराला तिची किंमत कळते.

नौदलानें मात्र या माउलींना नांवें सुरेख दिलीं आहेत: दीपक, शक्ति, ज्योति, आदित्य. जुनीं ‘दीपक’ व ‘शक्ति’ निवृत्त झाल्यावर तींच नांवें २०११ सालीं नव्या जोडीस मिळालीं. पणजोबांचें नांव पणतवास ठेवावें तशीं! परंतु जुनी जोडी जर्मनींत बांधलेली, नवी इटलींत, आणि ‘ज्योति’ रशियांत. ‘आदित्य’ तेवढें कलकत्त्याचें. पण १९९३ सालीं पाण्यांत उतरलेलें तें जहाज नौदलांत दाखल होण्यास २००० साल उजाडलें.

बारशाचे पेढे वाटणें सोपें, मूल वाढविणें अवघड. विशाखापट्टणच्या गोदीचा भार कंपनीस एकटीनें झेपला नाहीं; १९५२ सालीं दोनतृतीयांश मालकी सरकारकडे गेली, आणि पुढच्याच वर्षीं वालचंद निवर्तले. नव्या जहाजांच्या जलावतरणास नारळ फुटेल, मंत्र म्हटले जातील, नांवें उच्चारलीं जातील. तीं कोणतींही असोत. जहाजें वेळेवर आणि आपल्या कारागिरांच्या हातून पुरीं होवोत, एवढेंच मागणें. आणि त्या दिवशीं सोलापुरांतल्या एखाद्या ओसरीवर आजोबांनीं नातवंडांस ‘जलउषे’ची गोष्ट सांगितली, तर ऋणाचा थोडा भाग फिटला असें आम्ही समजूं.