देवांनाही वर्ण देणारा धर्म आणि आपलं विसरलेलं भोकरदन

"ग्रीकांचे देव होते, रोमनांचे होते, बाबिलोनचेही होते. मग तुम्ही आंबेडकरवादी आमच्याच देवांच्या मागे का लागता?" जालन्याच्या चहाच्या टपरीपासून व्हॉट्सॲपपर्यंत हा प्रश्न आपल्याला विचारला जातो. मित्रांनो, याचं उत्तर देता आलं पाहिजे.

होय, प्राचीन काळी सगळीकडेच देवांचे दरबार होते. ग्रीकांचा झ्यूस, रोमनांचा ज्युपिटर. बाबिलोन शहराची सत्ता वाढली तसा त्या शहराचा मर्दुक सगळ्या देवांचा राजा झाला. जमिनीवर जसा दरबार, तसाच माणसाने आकाशात मांडला. ग्रीक-रोमन काही संत नव्हते, त्यांच्याकडे गुलामी होती. पण आज झ्यूसचं नाव घेऊन कोणी कोणाला पाणवठ्यावर अडवत नाही. ते देव संग्रहालयात गेले.

आपल्याकडेही देव बदलले. ऋग्वेदात सर्वाधिक सूक्तं इंद्राची आहेत. आज इंद्राची जत्रा कोणत्या गावात भरते? आपल्या जिल्ह्यात गर्दी होते ती राजूरच्या गणपतीला आणि अंबडच्या मत्स्योदरीला. देवांना वर कोणी चढवलं आणि खाली कोणी उतरवलं, हा प्रश्न बाबासाहेबांनी 'रिडल्स इन हिंदुइझम'मध्ये उभा केला. इंद्राची गादी गेली, पुरोहिताची मात्र गेली नाही. का?

कारण इथे देवांच्या दरबारातही वर्णव्यवस्था बसवली आहे. बृहदारण्यक उपनिषदाचा पहिला अध्याय उघडा. तिथे अग्नी ब्राह्मण आहे. इंद्र, वरुण, सोम, रुद्र, यम हे क्षत्रिय. वसू, आदित्य, मरुत हे वैश्य. आणि पूषन? तो शूद्र! ज्याला तत्त्वज्ञानाचं शिखर म्हणून मिरवतात, त्या ग्रंथातली ही वाटणी आहे. ग्रीकांचा हेफेस्टस लंगडा लोहार होता. इतर देव त्याला हसले, पण त्याची पंगत वेगळी बसवली नाही.

पोथी राहू द्या, गावात चला. मारुती वेशीत आणि मरीआई बहुतेक गावांत गावकुसाबाहेर. तिच्यापुढे अंगावर आसूड ओढणारा पोतराज बहुधा मातंग समाजाचा. मोठ्या देवळातला पुजारी कोण, हे सांगायला नको. ज्या समाजाला बाहेर काढलं, त्याची देवीही बाहेरच राहिली. म्हणून आमचा वाद आकाशातल्या देवांशी नाही, जमिनीवरच्या या वाटणीशी आहे.

आता कोणी म्हणेल, बौद्ध कथांतही देव आहेत. आहेत ना! त्याचं उत्तर आपल्याच जिल्ह्यात आहे. भोकरदन म्हणजे सातवाहन काळातलं भोगवर्धन. तिथल्या दानकर्त्यांचे उल्लेख सांची आणि भारहूतच्या स्तूपांवर कोरलेले आहेत. भारहूतच्या कठड्यावर यक्षांचा राजा कुबेर आहे, पण तो हात जोडून उभा आहे. बौद्ध परंपरेत इंद्रसुद्धा बुद्धाकडे प्रश्न घेऊन येतो. देव शिष्य आणि माणूस गुरू! दोन हजार वर्षांपूर्वी भोकरदनच्या माणसांनी दान दिलं ते या विचाराला. आज भोकरदनच्या किती पोरांना हे शाळेत सांगितलं जातं?

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात बाबासाहेबांनी २२ प्रतिज्ञा दिल्या. त्यांची सुरुवात देव नाकारण्यापासून होते, पण त्या तिथे थांबत नाहीत. सर्व माणसं समान मानण्याची आणि समतेसाठी झटण्याची प्रतिज्ञाही त्यांतच आहे.

शेवटी एक कडू गोष्ट आपल्याच लोकांसाठी. काही घरांत बाबासाहेबांच्या फोटोपुढे नारळ फुटू लागला आहे, नवस बोलले जात आहेत. बांधवांनो, तेहतीस कोटींत आणखी एकाची भर घालण्यासाठी बाबासाहेबांनी आयुष्य झिजवलं नाही. फोटोपुढचा नारळ उचला आणि त्या जागी त्यांचं पुस्तक ठेवा. उघडून ठेवा!

जय भीम! नमो बुद्धाय!