अनुदान दिलं, पण पहिलं गिऱ्हाईक कोण?

डॉ. आंबेडकर 1913 साली कोलंबिया विद्यापीठात गेले ते बडोदा संस्थानाच्या शिष्यवृत्तीवर. दरमहा साडेअकरा पौंड, आणि बदल्यात परत येऊन संस्थानाची दहा वर्षं नोकरी करण्याचा करार. ही गोष्ट आपल्याकडे शाळकरी पोरालाही माहीत असते. पुढची गोष्ट मात्र कमी सांगितली जाते. 1917 मध्ये ते करार पाळायला बडोद्याला गेले, तर ज्या संस्थानाने त्यांच्या शिक्षणावर पैसा घातला त्याच संस्थानात त्यांना राहायला खोली मिळाली नाही. तिथून मुंबईला परतल्यावर त्यांनी शेअर आणि गुंतवणुकीचा सल्ला देणारा व्यवसाय सुरू केला. अर्थशास्त्रात त्यांच्या तोडीचं शिक्षण घेतलेला माणूस त्या वेळी मुंबईत शोधून सापडला नसता. धंदा चालेनासा झाला, कारण सल्ला देणारा अस्पृश्य आहे हे गिऱ्हाइकांना कळलं.

म्हणजे पैसा मिळाला होता, शिक्षण होतं, कर्तबगारीचा तर प्रश्नच नव्हता. तुटलं ते बाजाराच्या टोकाला. आज शंभरहून अधिक वर्षांनी कॉलेजांमधून विद्यार्थी उद्योजकांना अनुदान देण्याच्या योजना निघतात, तेव्हा मला हा व्यवसाय आठवतो. कारण आपल्या योजना अजूनही पैशाच्या चेकवर सुरू होतात आणि चेकवरच संपतात. कित्येकदा चेकपर्यंतही पोचत नाहीत.

मी मूळचा मराठवाड्यातला, गेली बरीच वर्षं हैदराबादेत अभियांत्रिकी शिकवतो. अशा अनुदानांच्या निवड समित्यांवर मी बसलो आहे आणि तिथे काय चालतं ते जवळून पाहिलं आहे. म्हणून हे लिहितोय.

कागदावर बघाल तर चित्र वाईट नाही. 2016 च्या जानेवारीत स्टार्टअप इंडिया आलं. 2018 पासून कॉलेजाकॉलेजात इनोव्हेशन कौन्सिलं उभी राहिली. केंद्राच्या विज्ञान विभागाची निधी-प्रयास योजना नमुना बनवायला 10 लाखांपर्यंत देते. 2021 मध्ये 945 कोटींची सीड फंड योजना आली, तीही इन्क्युबेटरांच्या मार्फत. आणि खास अनुसूचित जातींच्या तरुणांसाठी 30 सप्टेंबर 2020 रोजी आंबेडकर सोशल इनोव्हेशन अँड इन्क्युबेशन मिशन जाहीर झालं : चार वर्षांत 1000 तरुण शोधायचे, प्रत्येकाला तीन वर्षांत 30 लाख, इक्विटीच्या रूपात. तामिळनाडूने अनुसूचित जाती-जमातींच्या स्टार्टअपसाठी वेगळा निधी काढला. तेलंगणाने 2021 मध्ये दलित बंधू आणली, कुटुंबाला 10 लाख, परतफेड नाही, बँक मध्ये नाही. थोडक्यात, सरकारला द्यायचं असलं की बिनपरतीचा पैसा देता येतो, हे सिद्ध झालेलं आहे.

मग अडतं कुठे? अडतं त्या खोलीत, जिथे पाच माणसं टेबलामागे बसलेली असतात आणि एक पोरगा प्रोजेक्टरशेजारी उभा असतो.

पहिला प्रश्न हमखास असतो, "तुम्ही स्वतःचे किती टाकलेत?" विचारणाऱ्याला तो तटस्थ वाटतो. इन्क्युबेटरच्या भाषेत त्याला 'फ्रेंड्स अँड फॅमिली राउंड' म्हणतात, म्हणजे बाहेरचा पैसा येण्याआधी घरच्यांनी आणि मित्रांनी घातलेला पैसा. आता ज्याचे काका सुरतेत व्यापारी आहेत त्याच्यासाठी ही एक फेरी आहे. ज्याची आई बचत गटातून कर्ज काढून त्याची मेसची फी भरते, त्याच्यासाठी ही फेरी कुठून यायची? उलट त्याच्याच शिष्यवृत्तीतून घरी पैसे जातात. पोस्ट मॅट्रिकची रक्कम उशिरा आली की धाकट्या बहिणीची परीक्षा फी थांबते. अशा पोराच्या खिशातले 4 हजार आणि दुसऱ्याच्या बापाचे 4 लाख यांत जोखीम कोणाची मोठी, हे समितीच्या गुणपत्रिकेत कुठल्याच रकान्यात बसत नाही.

दुसरी गोष्ट मी वारंवार पाहिली. आपल्या पोरांच्या धंद्याला धंदा म्हटलंच जात नाही. एक विद्यार्थिनी होती, आई खासगी दवाखान्यात सफाई काम करणारी. कचऱ्यातल्या सुया टोचतात म्हणून तिने कमी किमतीचा, दुहेरी थराचा हातमोजा तयार केला होता. कापड कुठून आणायचं, एका जोडीला खर्च किती, दवाखाना किती जोड्या घेईल, सगळा हिशोब तोंडपाठ. समितीतले एक गृहस्थ मनापासून भारावले आणि म्हणाले, "फारच छान सामाजिक काम आहे, तुम्ही एनजीओ का काढत नाही?" त्याच दुपारी कुत्र्यांच्या खाद्याचं ॲप घेऊन आलेल्या मुलाला मात्र मार्केट साइज विचारला गेला. भारतातले सगळे सफाई कामगार ही बाजारपेठ नाही, करुणेचा विषय आहे, असा याचा अर्थ.

तिसरा प्रकार जास्त गोड आहे. चर्मकार समाजातला मुलगा सेन्सरचं काही घेऊन आला, तर कोणीतरी सुचवतं की तुमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्यांचं चामड्याचं कौशल्य आहे, त्याचा ब्रँड करा. विश्वकर्मा योजनेने 2023 पासून 18 पारंपरिक व्यवसायांना कर्ज आणि अवजारं देऊ केली, तेव्हापासून या सल्ल्याला सरकारी वजनही आलं आहे. ज्याला बापाचा धंदा पुढे न्यायचा आहे त्याने तो जरूर न्यावा, आणि कोल्हापुरी चपलेचा पैसा ती शिवणाऱ्याच्या घरात जावा यासाठी भांडलंच पाहिजे. पण कॉलेजात शिकायला आलेल्या पोराला त्याच्या जातीचा व्यवसाय 'कोअर कॉम्पिटन्स' म्हणून परत देणं ही जुनीच व्यवस्था आहे. ब्राह्मण विद्यार्थ्याला पौरोहित्याचं ॲप काढ म्हणून सुचवलेलं मी अजून ऐकलेलं नाही.

हे समितीतले लोक दुष्ट असतात असं नाही. ते आपल्यासारख्यांनाच ओळखतात, एवढंच. 2012 मध्ये इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकलीत देशातल्या 1000 मोठ्या कंपन्यांच्या संचालक मंडळांचा अभ्यास आला होता. 93 टक्के संचालक सवर्ण जातींचे होते, अनुसूचित जाती-जमाती मिळून साडेतीन टक्के. कॉलेजं 'इंडस्ट्री एक्सपर्ट' म्हणून ज्यांना बोलावतात ते याच तलावातून येतात. 2005 च्या आर्थिक गणनेत देशातल्या एकूण उद्योगांपैकी 9.8 टक्के अनुसूचित जातींच्या मालकीचे होते, लोकसंख्येतला वाटा 16 टक्क्यांच्या वर असताना. आणि त्यातलेही बहुतेक घरच्या माणसांवर चालणारे. मेंटॉर म्हणून कोणाला फोन करायचा, हा प्रश्न तिथून सुरू होतो.

समजा, या सगळ्यातून एखादा निवडला गेला. आता खरी गंमत. माझ्या माहितीतला एक विद्यार्थी, नांदेडकडचा, मातंग घरातला. सामायिक विहिरीवर कोणी किती तास मोटर चालवली याची नोंद ठेवणारं छोटं यंत्र त्याने बनवलं. भावाभावांत आणि शेजाऱ्यांत यावरून डोकी फुटतात, त्यामुळे गरज खरी होती. कॉलेजने 40 हजार मंजूर केले. मात्र नियम असा, आधी खर्च करा, जीएसटीची पक्की बिलं लावा, मग पैसे परत मिळतील. पोरगा कोटीच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात जाऊन जुने रिले, वायरी, पेट्या घासाघीस करून निम्म्या किमतीत घ्यायचा. तिथे कसलं पक्कं बिल? त्याने पैसे वाचवले म्हणून त्याचं बिल नामंजूर. सावकारी व्याजाने उचललेले 11 हजार डोक्यावर, आणि फाइल लेखा विभागात. शेवटच्या वर्षी तो कॅम्पस प्लेसमेंटला बसला आणि मिळालेली पहिली नोकरी घेतली. अहवालात त्याची नोंद 'विद्यार्थ्याने उपक्रम स्वेच्छेने बंद केला' अशी आहे.

परतफेड पद्धतीचं अनुदान हे गरिबाला दिलेलं अनुदान नसतंच. ते ज्याच्याकडे आधीच पैसा आहे त्याला दिलेली सवलत असते. म्हणून माझी पहिली मागणी अगदी कारकुनी आहे : पहिला हप्ता आगाऊ द्या, लहान द्या, आणि 25-30 हजारांपर्यंत साध्या पावतीवर हिशोब मान्य करा. बुडाला तर बुडाला. प्रयोगशाळेत जळून जाणाऱ्या उपकरणांचा आपण इतका शोक करत नाही.

त्याला जोडूनच, जगण्याचा खर्च. संध्याकाळी डिलिव्हरीचं काम करून खोलीचं भाडं भरणारा मुलगा नमुना कधी बनवणार? निधीच्याच एका योजनेत पदवीनंतरच्या नवउद्योजकाला महिन्याला निर्वाह वेतन मिळतं, म्हणजे हे तत्त्व मान्य झालेलं आहे. ते शिकत असलेल्यांपर्यंत खाली आणा. आणि हे पैसे घरच्या उत्पन्नात धरून पोस्ट मॅट्रिकच्या अडीच लाखांच्या मर्यादेत अडकवणार नाही, असं लेखी द्या. ही भीती मुलं मला दरवर्षी बोलून दाखवतात.

पात्रतेचंही बघायला हवं. 1950 च्या राष्ट्रपती आदेशामुळे दलित ख्रिश्चन आणि दलित मुस्लिम अनुसूचित जातीत मोडत नाहीत. शीख 1956 मध्ये आणि बौद्ध 1990 मध्ये आत आले, हे दोघे बाहेरच राहिले. त्यामुळे आंबेडकरांच्या नावाच्या मिशनमध्येही त्यांना दार नाही. विमुक्त-भटक्यांची गत दर राज्यात निराळी, हैदराबादेत आलेल्या महाराष्ट्रातल्या मुलाचा दाखला इथे चालत नाही. कॉलेजने स्वतःच्या निधीतून अनुदान दिलं तर त्याला या यादीत अडकायचं कारण नाही. पहिल्या पिढीचा शिकणारा, घरात आजवर कोणाकडे दुकान-कारखाना नाही, एवढं विचारलं तरी बरंच काम होईल.

आता मूळ मुद्दा, गिऱ्हाईक. कोल्हापुरात शाहू महाराजांनी गंगाराम कांबळेंना हॉटेल काढायला मदत केली ही गोष्ट आपण अभिमानाने सांगतो. पण महाराज पैसे देऊन थांबले नाहीत. ते स्वतः तिथे जाऊन चहा प्यायले, आणि बरोबरच्या सवर्ण मंडळींनाही प्यावा लागला. भांडवल आणि पहिलं गिऱ्हाईक दोन्ही एकाच हाताने दिलं. छत्रपती गिऱ्हाईक म्हणून येतो म्हटल्यावर बाजाराचा विटाळ जरा मागे सरकतो.

कॉलेज हे छोटं संस्थानच आहे. हजारो गणवेश, वह्या, मेसचा भाजीपाला, सफाईचं साहित्य, प्रयोगशाळेची दुरुस्ती, वेबसाइट, वार्षिक समारंभाचा मंडप, सगळं ते दरवर्षी विकत घेतं. ती हातमोजे बनवणारी मुलगी ज्या आवारात शिकत होती तिथेच 60-70 सफाई कामगार उघड्या हातांनी काम करत होते, आणि कॉलेजने तिच्याकडून एक जोडी घेतली नाही! केंद्राच्या 2012 च्या खरेदी धोरणात अनुसूचित जाती-जमातींच्या उद्योगांकडून 4 टक्के खरेदीचं लक्ष्य आहे. ते गाठलं जात नाही हे सरकारच्याच आकड्यांतून वर्षानुवर्षं दिसत आलंय, तरी निदान आकडा तरी आहे, ज्यावरून जाब विचारता येतो. कॉलेजच्या खरेदी समितीसमोर असा आकडा का नसावा? अनुदानपत्राबरोबरच पहिल्या खरेदीचा आदेश द्या.

चळवळीतल्या काही मित्रांना हे सगळं पटत नाही, आणि त्यांचं म्हणणं हलकं नाही. बाबासाहेबांनी 1938 मध्ये मनमाडला रेल्वे कामगारांसमोर ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे दोन शत्रू सांगितले होते. 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज'मध्ये मूलभूत उद्योग राज्याच्या मालकीचे असावेत अशी मांडणी केली. मग आपण पोरांना मालक व्हायला का शिकवायचं? चार दलित कोट्यधीशांचे फोटो दाखवून आरक्षण गुंडाळलं जाईल, ही शंकाही रास्त आहे. स्टार्टअपच्या भाषणात 'नोकरी मागणारे नको, देणारे व्हा' हे वाक्य आलं की मी सावध होतो, कारण ते बहुतेक वेळा नोकऱ्या कमी करणाऱ्याच्याच तोंडी असतं.

पण फुल्यांनी कात्रजच्या बोगद्याच्या कामाची कंत्राटं घेतली होती. कष्टकऱ्याच्या घरातल्या पोरीने तिच्या आईचे हात वाचवणारा माल विकावा, यात भांडवलशाहीचा विजय मला दिसत नाही. अट एकच, आणि ती मी सोडणार नाही : उद्योजकतेचा रुपया शिष्यवृत्तीतून, वसतिगृहातून किंवा अनुसूचित जाती उपयोजनेतून कापून आणायचा नाही. तसं होत असेल तर योजना नको.

शेवटी, हिशोब. कोणत्या इन्क्युबेटरने किती दलित, आदिवासी, ओबीसी, विमुक्त, मुस्लिम विद्यार्थ्यांना किती रक्कम दिली, हे आपल्या कॉलेजच्या वेबसाइटवर शोधून बघा. स्टार्टअपांची संख्या असेल, फीत कापतानाचे फोटो असतील. सामाजिक गटवार आकडे मला तरी दिसले नाहीत. सरकारी आणि अनुदानित संस्थांना माहिती अधिकार लागू आहे. मागच्या पाच वर्षांत अर्ज किती आले, कोणत्या प्रवर्गातून, निवड किती, मंजूर रक्कम आणि प्रत्यक्ष दिलेली रक्कम वेगवेगळी, निवड समितीवर कोण होतं, आणि संस्थेने स्वतः या विद्यार्थ्यांकडून काय विकत घेतलं. एवढे पाच प्रश्न. केंद्रीय संस्थेसाठी फी 10 रुपये आहे, उत्तराची मुदत 30 दिवस. मी माझ्या आवारासाठी अर्ज टाकतो आहे, तुम्ही तुमच्यासाठी टाका. उत्तरं आली की ती एकत्र मांडू.