बाळ दूध टाकते, दोष आईचा नाही

दूध पाजून बाळाला खांद्यावर घेतले की ओढणीवर दुधाचा ओघळ येतो. लगेच घरात बोलणी सुरू होतात. "आईने काहीतरी बाधणारे खाल्ले असेल," "हिचे दूधच पातळ आहे." दोन दिवसांत पावडरचा डबा आणि बाटली येते. आमच्या कळंब्यात काय किंवा कोल्हापूरच्या दुसऱ्या भागात काय, हे घरोघरी घडते. म्हणून या महिन्यात आम्ही याच विषयावर बोलणार आहोत.

अन्ननलिका जिथे जठराला मिळते, तिथला स्नायू तान्ह्या बाळात अजून पक्का झालेला नसतो. त्यात पोटात नुसते दूध आणि बाळ बहुतेक वेळ आडवे. म्हणून दूध वर येते. डॉक्टर याला रिफ्लक्स म्हणतात. चौथ्या महिन्याच्या आसपास हे जास्त असते, बाळ बसू लागले की कमी होते आणि बहुतेक बाळांचे वर्षभरात थांबते. बाळ हसते-खेळते आहे, वजन वाढते आहे, दिवसरात्रीत सहा वेळा तरी लघवी होते आहे, तर ओढणी धुवावी आणि निश्चिंत राहावे.

थोडे थोडे पण वारंवार पाजा. मध्येच थांबून ढेकर काढा. पाजल्यावर वीस-तीस मिनिटे बाळाला उभे धरा. झोपवताना मात्र उताणेच, उशीशिवाय झोपवा. सहा महिन्यांपर्यंत आईचेच दूध द्या. गुटी, पाणी नको. मध तर वर्षाच्या आत चाटवूच नका, त्यातून बाळाला जिवावर बेतणारा आजार होऊ शकतो.

उलटी हिरवी किंवा रक्ताची झाली, दूध जोराने लांब उडाले, वजन वाढेना, लघवी कमी झाली, ताप आला, बाळ मलूल पडले किंवा दूध ओढेनासे झाले, तर घरगुती उपाय करत बसू नका. थेट सीपीआर रुग्णालयात किंवा बालरोगतज्ज्ञांकडे न्या.

आईला आधार दिला की बाळ वाचते, हे आपल्याच महाराष्ट्राने दाखवून दिले. गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने गावातल्याच स्त्रियांना शिकवून घरोघरी पाठवले. 39 गावांत नवजात बाळांचे मृत्यू निम्म्याहून अधिक घटले. 1999 मध्ये हा अहवाल 'लॅन्सेट'मध्ये छापून आला. पुढे ही पद्धत देशभर स्वीकारली गेली. आज दवाखान्यात बाळंतपण झाले तरी आशाताई 42 दिवसांत सहा वेळा घरी येतात. त्यांना दारातून परत पाठवू नका. बाळाचे वजन करून घ्या, पाजताना बाळ छातीला नीट लागते का हे त्यांना दाखवा.

आणि अब्बांनो, सूरह अल-बकराच्या 233 व्या आयतीचा आशय आठवा. आईच्या अन्नवस्त्राची जबाबदारी पित्यावर आहे, बाळापायी आईला त्रास होता कामा नये आणि दूध सोडवायचे तर दोघांच्या सल्ल्याने. म्हणजे बाटली आणण्याचा निर्णय शेजारणीच्या बोलण्यावरून व्हायचा नाही. रात्रीच्या पाजण्यानंतर बाळाला अर्धा तास खांद्यावर घेणे बापाला सहज जमते. सासूबाईंनी सूनबाईला गरम जेवण वाढावे आणि दोन तास झोपू द्यावे. तेवढ्याने अर्धी काळजी मिटेल, इन्शाअल्लाह.