रील कुणाच्या भाषेत करायची?

बेंगळुरूत राहून रील्स आणि यूट्यूबचे व्हिडिओ करणाऱ्या मराठी तरुणांना दोन बाजूंनी उपदेश ऐकावा लागतो. एक पक्ष सांगतो, इंग्रजीत करा, मराठीत राहिलात तर पोहोच वाढणार नाही. दुसरा बजावतो, मराठी सोडून परभाषेत कंटेंट करणं ही मायबोलीशी गद्दारी आहे. वरवर हे दोघे एकमेकांचे वैरी दिसतात, पण दोघांच्याही हिशेबात दोनच भाषा असतात, आपली आणि इंग्रजी. ज्या शहरात हे तरुण घरभाडं भरतात त्या शहराची कन्नड कुणाला आठवत नाही. परभाषेत कंटेंट जरूर करावा, पण बेंगळुरूत ती परभाषा इंग्रजीच्या आधी कन्नड असावी, आणि तिच्यासाठी मराठी सोडण्याचं काहीच कारण नाही, असं माझं म्हणणं आहे.

आधी इंग्रजीवाल्यांचा मुद्दा घेऊ. 2011 च्या जनगणनेत इंग्रजी मातृभाषा सांगणारे जेमतेम 2.6 लाख होते, कन्नड सांगणारे सुमारे 4.37 कोटी आणि मराठी सांगणारे 8.3 कोटी. दुसरी-तिसरी भाषा म्हणून इंग्रजी येणारे बारा कोटींच्या वर आहेत, हे मान्य. पण त्यांच्यासमोर अख्ख्या जगाचे इंग्रजी व्हिडिओ आधीच मांडलेले असतात, आणि त्या गर्दीत मोबाइलचा रिव्ह्यू सांगणारा आणखी एक आवाज त्यांना का हवा असेल? इंग्रजीत पैसे जास्त मिळतात हेही अर्धसत्य आहे, कारण जाहिरातीचा दर मुख्यतः बघणारा कोणत्या देशात बसला आहे यावर ठरतो. इंदिरानगरातल्या प्रेक्षकाने इंग्रजी व्हिडिओ पाहिला म्हणून तो अमेरिकेत जात नाही. मग 'कू'चं उदाहरण पुढे केलं जातं: बेंगळुरूत 2020 साली कन्नडपासून सुरुवात केलेलं हे देशी भाषांचं ॲप जुलै 2024 मध्ये बंद पडलं, म्हणजे देशी भाषा चालत नाहीत. संस्थापकांनी सांगितलेलं कारण मात्र भागीदारीची बोलणी फिसकटल्याचं आणि तंत्रज्ञानाचा खर्च झेपत नसल्याचं होतं. याच शहरात 2015 मध्ये उभं राहिलेलं आणि इंग्रजीला मुद्दाम दूर ठेवणारं 'शेअरचॅट' नोकरकपातीचे तडाखे खाऊनही टिकून राहिलं. भांडवल आटणं आणि प्रेक्षक नसणं यांत फरक आहे.

आता गद्दारीचा आरोप. इंग्लंडहून आलेल्या फादर स्टीफन्सनी 'ख्रिस्तपुराण' मराठीत रचलं आणि ते 1616 मध्ये गोव्यात छापलं गेलं, तेही रोमन लिपीत. आजचे रोमन लिपीतल्या मराठी कमेंटवर चिडणारे हे सहसा विसरतात. स्टीफन्सच्या परभाषाप्रेमाचा आपण गौरव करतो. मग धारवाडच्या मराठीभाषक घरात जन्मलेले द. रा. बेंद्रे कन्नडचे श्रेष्ठ कवी झाले, 'नाकु तंती'साठी त्यांना 1973 चं ज्ञानपीठ मिळालं, तेव्हा त्यांनी कुणाशी गद्दारी केली? मराठीतही ते लिहीतच होते. बेंगळुरूच्या मराठी कुटुंबातले शिवाजीराव गायकवाड बस कंडक्टरची नोकरी सोडून मद्रासला गेले, दिग्दर्शक के. बालचंदर यांच्या सांगण्यावरून तमिळ शिकले, आणि 1975 च्या 'अपूर्व रागंगळ'पासून रजनीकांत म्हणून पडद्यावर आले. त्यांच्या तमिळमुळे मराठीचं काय बिघडलं, हे आरोप करणाऱ्यांनी दाखवून द्यावं. शिवाय एक अडचणीचा प्रश्न उरतोच. मुंबईत वीस वर्षं राहून मराठी न शिकणाऱ्याला आपण दूषणं देतो, ती मला रास्तच वाटतात. मग तोच न्याय बेंगळुरूतल्या मराठी माणसाला का लागू नये?

सर्वांत वजनदार आक्षेप यंत्राचा आहे. डबिंग आपोआप होत असेल तर भाषा शिकायची कशाला? यूट्यूबने डिसेंबर 2024 मध्ये ही सोय मोठ्या प्रमाणावर खुली केली तेव्हा यादीत इंग्रजी आणि हिंदी होत्या, मराठी-कन्नड नव्हत्या. यादी वाढत जाणार हे उघड आहे, पण तिचा क्रम बघा: इंग्रजीत पोहोचवण्याचं काम यंत्र सर्वांत आधी आणि सर्वांत स्वस्तात करणार. मग ज्या कामाची किंमत उतरत चालली आहे त्यात माणसाने आपली उमेद का घालवावी? पाककृतीचं प्रमाण किंवा कराचा नियम यंत्राने खुशाल सांगावा. मल्लेश्वरममधली आजी कमेंटमध्ये काय टोमणा मारते, तिला उलट काय म्हटलं की ती हसेल, हे डब केलेल्या आवाजाला कळत नाही. ते कळायला तिची भाषा स्वतः बोलावी लागते.

मोडक्या कन्नडची टिंगल होईल, शहरात भाषेवरून आधीच तापलेलं असताना नसता वाद ओढवेल, ही भीती निराधार नाही. 27 डिसेंबर 2023 रोजी इंग्रजी पाट्यांवरून याच शहरात तोडफोड झाली. पण तो राग कन्नड चुकवणाऱ्यांवर नव्हता, कन्नडला जागाच न देणाऱ्यांवर होता. काही टवाळखोर भेटतीलच, ते मराठीतही भेटतात. निव्वळ मराठी प्रेक्षकांसाठी मराठी पुस्तकांवर बोलणाऱ्याने कन्नडच्या वाटेला जाऊ नये, आणि सहा महिन्यांच्या प्रोजेक्टवर आलेल्याकडून कुणी अपेक्षाही धरू नये. पण जो इथे घर घेतो, मुलांना इथल्या शाळेत घालतो आणि बेंगळुरूच्याच खड्ड्यांवर, भाड्यांवर, खानावळींवर रील्स करून फॉलोअर मिळवतो, त्याने निदान रिक्षावाल्याच्या बोलण्याची नक्कल करून व्ह्यूज कमावणं आजपासून बंद करावं, आणि पुढचा व्हिडिओ जमेल तशा कन्नडमध्ये, खाली कन्नड लिपीतली सबटायटल्स देऊन, टाकावा.