पर्जन्यमापकाची नोंद आणि वेधशाळेचा अंदाज

मृग लागला की आमच्या खानदेशात पारापारावर वेधशाळेची निंदा सुरू होते. "पाऊस सांगितला म्हणून कपाशी लावली, आणि आता दुबार पेरणीची पाळी आली," हे वाक्य अमळनेरपासून शिरपूरपर्यंत कोठेही ऐकावयास मिळते. या तक्रारीत तथ्य नाही असे नव्हे. परंतु तीस वर्षांहून अधिक काळ महसूल खात्यात कारकुनी करून, व त्यातील पुष्कळ पावसाळे तालुका कचेरीच्या पर्जन्यमापकाशेजारी काढून, माझे असे मत झाले आहे की, या दोषाचा काही वाटा आपल्याकडेही येतो. त्याविषयी आपण बोलत नाही, म्हणून तो आज वाचकांपुढे मांडावयाचा आहे.

प्रथम वेधशाळेचा थोडा पूर्वेतिहास पाहू. 1864 साली कलकत्त्यास भयंकर चक्रीवादळ झाले, त्यामागून पाऊस हुकून दुष्काळ पडले, आणि 1875 साली हिंदुस्थानच्या हवामान खात्याची स्थापना झाली. 1886 पासून पावसाळ्याचे भाकीत आगाऊ प्रसिद्ध होऊ लागले. 1899 साली ते साफ चुकले, आणि त्या दुष्काळाची झळ खानदेशासही लागली. पुढे 1904 साली खात्याचे प्रमुख झालेले गिल्बर्ट वॉकर यांनी देशोदेशींच्या नोंदी मागवून त्या एकमेकींशी ताडून पाहिल्या. तेव्हा असे आढळले की, प्रशांत महासागराच्या एका बाजूस हवेचा दाब चढला की दुसऱ्या बाजूस तो उतरतो, आणि या हिंदोळ्याचा आपल्या पावसाशी संबंध आहे. सांप्रत आपण ज्या एल निनोची धास्ती घेतो, त्याचेच हे दुसरे अंग होय. चोपड्याच्या शेतावर पडणाऱ्या पावसाचा एक धागा पेरू देशाच्या किनाऱ्याशी बांधलेला आहे, हे ज्ञान एकट्या हिंदुस्थानच्या नोंदींतून कधीच निघाले नसते.

ढगांस सरहद्द ठाऊक नाही, हे जाणूनच 1873 साली व्हिएन्ना येथे निरनिराळ्या राष्ट्रांच्या हवामानशास्त्रज्ञांनी एकत्र येऊन संघटना उभारली. तिचेच रूपांतर होऊन 23 मार्च 1950 रोजी जागतिक हवामान संघटना अस्तित्वात आली. तिचा व्यवहार साधा आहे : प्रत्येकाने ठरल्या वेळी मोजावे, आणि मोजलेले इतरांस द्यावे. आपल्याकडे पाऊस सकाळी साडेआठ वाजता मोजतात. त्या क्षणी ग्रिनिच येथे पहाटेचे तीन वाजलेले असतात, आणि ती जगभर मान्य झालेली निरीक्षणाची वेळ आहे. आपण केवळ घेतो असेही नाही. आपले इन्सॅट उपग्रह हिंदी महासागरावर पहारा ठेवतात, आणि बंगालच्या उपसागरातील वादळाची सूचना दिल्लीहून शेजारच्या राष्ट्रांसही जाते. या देवघेवीतील एक हात आखडला की सर्वांचेच नुकसान होते. महायुद्धांच्या काळात लढणारी राष्ट्रे हवामानाच्या नोंदी गुप्त ठेवीत. 2025 साली अमेरिकेत नोकरकपातीमुळे काही ठाण्यांवरून हवेत फुगे सोडणे कमी करावे लागले. त्या फुग्यांवरील यंत्रे वरच्या हवेचे माप घेतात, व ते माप साऱ्या जगाच्या अंदाजास लागते.

एवढी यंत्रणा असता अंदाज चुकतो का? चुकतो. 2002 साली पाऊस सरासरीइतका होईल असे सांगितले गेले, आणि प्रत्यक्षात देशात तो सरासरीहून सुमारे एकपंचमांश कमी पडला. पुढे रीती सुधारल्या. 2025 पासून सहा किलोमीटरच्या चौकडीपर्यंत पाहणारी नवी पद्धत खात्याने सुरू केली आहे. तरीही जिल्ह्याच्या अंदाजास गावचा अंदाज समजू नये. साक्रीच्या पश्चिमेस डोंगरात पाऊस कोसळत असतो, तेव्हा शिंदखेड्याकडे धूळ उडत असते. जिल्हा मात्र एकच. शिवाय गणित कितीही सूक्ष्म असले तरी ते मोजलेल्या आकड्यांवरच चालते. अंदाज खरा ठरला की खोटा, हेही पुढे त्या आकड्यांवरूनच ताडले जाते. मापच खोटे असेल तर गणित काय करील?

येथे मला माझ्या नोकरीतील एक गोष्ट सांगितली पाहिजे. तालुक्याचे नाव घेत नाही, कारण दोष माझा आहे. कचेरीच्या आवारात नवी भिंत उठली आणि पर्जन्यमापक तिच्या आडोशास आले. जवळची भिंत वा झाड जितके उंच असेल, त्याच्या निदान दुप्पट अंतरावर पर्जन्यमापक असावे असा नियम आहे. तो मला पाठ होता. मी एकदा तोंडी बोललो, आणि मग गप्प बसलो. त्या वर्षी हस्ताच्या पावसात एका रात्री नाल्याकाठची शेते खरवडून गेली. सकाळी मोजपात्रात 61 मिलिमीटर भरले. चोवीस तासांत मंडळात 65 मिलिमीटर झाले तर ती अतिवृष्टी, त्याखाली नव्हे. एक वृद्ध शेतकरी चार दिवस कचेरीत खेपा घालीत होता. शेवटच्या दिवशी त्याने विचारले, "भाऊसाहेब, चार मिलिमीटर म्हंजे कितलं व्हस?" मी त्यास बोटाच्या पेरावर दाखविले. घरी जाऊन हिशेब केला, तेव्हा ते एका एकरावर सोळा हजार लिटर पाणी निघाले. त्या भिंतीने तितके पाणी अडविले की नाही, हे आज कोणीच सांगू शकणार नाही. आणि हाच माझा अपराध.

आता महसूल मंडळांतून स्वयंचलित हवामान केंद्रे बसली आहेत, म्हणून हा प्रश्न मिटला असे कोणी समजू नये. तो अधिक नाजूक झाला आहे. रावेर-यावलकडील केळीबागाईतदाराचा हवामानावर आधारलेला पीकविमा थंडीच्या व उन्हाच्या पाऱ्यावर आणि वाऱ्याच्या वेगावर ठरतो. बाग पाहून नव्हे. त्या यंत्राच्या नरसाळ्यात पाखराने काड्या आणून टाकल्या, किंवा शेजारी पत्र्याची शेड उभी राहिली, तर एका यंत्राची चूक मंडळातील सर्व गावांच्या माथी बसते. असे असता, आपल्या मंडळाचे केंद्र कोठे आहे हे सांगू शकणारे शेतकरी किती निघतील?

कोणी म्हणतील, हे सरकारचे काम आहे. आहेच, आणि ते सरकारकडून करून घेतलेही पाहिजे. अंदाजाचे रूपांतर फवारणी, पाणी व काढणी यांच्या सल्ल्यात करून देणारी 199 जिल्हा कृषी हवामान केंद्रे देशात होती; 2024 साली ती बंद करण्यात आली. माझ्या मते ही मोठी चूक झाली, आणि शेतकऱ्यांच्या संस्थांनी तिजविरुद्ध ठराव करावयास हवे होते. परंतु ज्याच्यापाशी स्वतःची नोंद नाही, त्याच्या ठरावास वजन येत नाही. दुसरे कोणी म्हणतील, आमच्या वडिलांस नक्षत्रे व त्यांची वाहने पुरत होती, आणि आखाजीस भेंडवळची घटमांडणी आजही होते. त्यांनी ती भाकितेही वहीत उतरवून घ्यावी व दिवाळीस ताळा पाहावा. वेधशाळेसही माझा तोच न्याय आहे.

म्हणून माझी सूचना अशी. प्रत्येक गावच्या सोसायटीने एक पर्जन्यमापक उघड्या जागी बसवावे. तेही न जमल्यास सरळ भिंतीचा एक डबा आणि फूटपट्टी चालेल. अशा डब्यात जितके मिलिमीटर पाणी उभे राहील तितकाच पाऊस. गावातील एका मुलास वा मुलीस हे काम नेमून द्यावे. रोज सकाळी साडेआठ वाजता मोजून वहीत लिहावे, आणि शेजारच्या रकान्यात आदल्या दिवशीचा अंदाज लिहावा. रोहिणी लागण्यापूर्वी चार जाणत्यांनी मंडळाच्या केंद्रास भेट देऊन अडचण दिसल्यास तहसीलदारांस लेखी अर्ज करावा. मी तोंडी बोललो, तशी चूक करू नये.

या खासगी वहीस सरकारदरबारी आज पुराव्याचे मोल नाही, हे मी जाणतो. तरीही पाच वर्षांची नीटस वही घेऊन गेलेल्या गावास उत्तर देताना कचेरीस विचार करावा लागतो. हे मी टेबलाच्या पलीकडे बसून अनुभवले आहे. आणि पहिला लाभ तर आपल्या शेतातच आहे. 75 ते 100 मिलिमीटर पाऊस झाल्यावाचून जिरायत पेरणी करू नये, असे कृषी खाते दरवर्षी बजावते. आपण मात्र ढेकूळ भिजले की चाडे धरतो. ज्याने मोजलेच नाही, त्यास पंचाहत्तर झाले की पंचवीस, हे कळावे कसे? दुबार पेरणीचे बी जेवढे वेधशाळेच्या चुकीने जाते, तेवढेच या न मोजण्याने जाते.

शेवटी एक विनंती. ज्या दिवशी पाऊस नसेल, त्या दिवशीही वहीत शून्य लिहावे. रिकामा रकाना काहीच सिद्ध करीत नाही. दुष्काळाची साक्ष शून्यांनीच द्यावयाची असते.