आधी विचारा, आपण उभे कुठं आहोत?

माझा भाचा देवपुरात राहतो, बीसीएच्या शेवटच्या वर्षाला आहे. पुण्याच्या एका कंपनीच्या चाचणीत त्याच्यासमोर लिनक्सचा काळा पडदा आला. एका फोल्डरमध्ये जाऊन तिथली फाइल उघडायची, एवढंच काम. त्यानं नाव टाइप केलं, उत्तर आलं की अशी फाइल किंवा फोल्डरच नाही. घरी येऊन म्हणाला, ‘‘मामू, ये अपने बस का नहीं.’’

त्याची वही पाहिली. क्लासमध्ये चाळीसेक कमांड लिहून दिल्या होत्या, त्यांच्या इंग्रजी फुलफॉर्मसह. नकाशा कुठंच नव्हता. माझी तक्रार याच शिकवण्याबद्दल आहे.

पांझरेच्या पुलावर कुणी ‘देवपूर कुठं?’ विचारलं तर आपण आधी पाहतो की हा गडी कुठल्या काठाला उभा आहे. लिनक्समध्येही पहिला प्रश्न तोच, आणि त्याची कमांड पीडब्ल्यूडी. (धुळ्यात पीडब्ल्यूडी म्हणजे बांधकाम खातं! विश्वेश्वरय्या १८८४ साली त्याच खात्यात लागले आणि सुरुवातीला खानदेशातच होते.) ही कमांड फक्त सांगते की तुम्ही आत्ता कुठल्या फोल्डरात आहात. मग एलएस म्हणजे आजूबाजूला काय आहे ते बघणं, आणि सीडी म्हणजे चालू लागणं. तिन्ही छोट्या इंग्रजी अक्षरांत.

पत्ता मात्र आपल्या पाकिटापेक्षा उलटा. आपण घर, गल्ली, देवपूर, धुळे असं लिहितो. लिनक्स धुळ्यापासून घराकडे येतो. सुरुवातीला तिरपी रेघ असली तर तो मुळापासूनचा पूर्ण पत्ता, कुठूनही चालतो. रेघ नसली तर ‘इथून पुढं’ असा अर्थ. सीडीनंतर जागा सोडून दोन टिंबं दिली की एक पायरी वर. नुसतं सीडी लिहिलं की थेट आपल्या घरच्या फोल्डरात. रस्ता चुकलेल्याला याहून मोठा दिलासा कुठला?

भाच्याची चूक एका अक्षराची होती. फोल्डरच्या नावातलं पहिलं अक्षर मोठं होतं, त्यानं छोटं टाइप केलं. लिनक्सला ती दोन वेगळी नावं वाटतात. दोन-तीन अक्षरं टाइप करून टॅब दाबला असता तर चूक तिथंच कळली असती, कारण नाव पुढं भरलंच गेलं नसतं. नावात मोकळी जागा असली तरी हाच घोटाळा, तेव्हा नाव अवतरणचिन्हांत घालायचं.

बहुतेक सर्व्हर लिनक्सवर चालतात, तिथं माऊस नसतो. खिशातल्या अँड्रॉइडच्या पोटातही लिनक्सच आहे. मराठी किंवा उर्दू माध्यमातून आलेल्या आपल्या पोरांना हे त्यांच्या भाषेत समजावलं, तर वेळ लागतो जेमतेम एका दुपारचा. त्या दुपारअभावी पोरगं स्वतःला नालायक ठरवतं आणि आपण ‘आयटी कठीण असतं’ म्हणून मान डोलावतो.

फोल्डरची नावं देवनागरीत किंवा उर्दूतही चालतात. भाच्यानं सरावासाठी ‘देवपूर’ नावाचा फोल्डर केलाय, आत गल्ल्या. परवा अम्मीला बसवून घराचा रस्ता टाइप करून दाखवत होता. अम्मीनं विचारलं, ‘‘और मस्जिद किधर है?’’ तो फोल्डर राहिलाच होता.