पाळणा हलला, पुढे काय?

एप्रिल २०२५ मध्ये डोंबिवलीजवळच्या पलावा वसाहतीतल्या एका फ्लॅटवर वन विभागाने छापा घातला. आत साप, कासवं, इग्वाना होतेच. शिवाय ओरांगउटानचं एक पिल्लू होतं. पुढचे काही दिवस लोकलच्या डब्यापासून सोसायटीच्या गेटपर्यंत एकच विषय चालला होता. हे इथवर आलं कसं? वाटेत कुणाच्याच नजरेला पडलं नाही का? प्रश्न रास्त आहेत, त्यांची उत्तरं तपास यंत्रणांनी द्यायची आहेत. मला मात्र त्या पिल्लाच्या मागे काय होतं आणि पुढे काय आहे, याबद्दल लिहायचं आहे.

ओरांगउटान सुमात्रा आणि बोर्निओच्या जंगलांतला. त्याच्या तिन्ही प्रजाती आज नामशेष होण्याच्या काठावर आहेत. त्यातली तपानुली ही तिसरी प्रजाती शास्त्रज्ञांनी २०१७ मध्ये वेगळी ओळखली आणि तिची संख्या हजाराच्याही आत निघाली. मादीला एका वेळी बहुधा एकच पिल्लू होतं आणि सहा-सात वर्षं ते आईला सोडत नाही. आधी तिच्या केसांना घट्ट धरून, मग तिच्या मागोमाग फिरत ते शिकत जातं: कुठलं फळ केव्हा पिकतं, कुठल्या झाडाची साल खायची, रात्री झोपायला फांद्या वाकवून घरटं कसं रचायचं. दोन बाळंतपणांत सात-आठ वर्षांचं अंतर असतं. अशी आई जिवंत असेपर्यंत पिल्लू हाती लागत नाही, म्हणून पिल्लाच्या व्यापारात बहुतेक वेळा आधी तिचा जीव जातो. फ्लॅटमध्ये एक पिल्लू दिसतं, जंगलातून मात्र दोन जीव वजा झालेले असतात. त्या आईला पुढे जी पिल्लं झाली असती, तीही वजाच.

महाराष्ट्राला ओरांगउटान नवा नाही. पुण्यात कात्रजच्या राजीव गांधी प्राणिसंग्रहालयात बिन्नी नावाची मादी होती. नोव्हेंबर २००३ मध्ये तिला ओडिशातल्या नंदनकाननला पाठवलं, तेव्हा ती पंचविशीची होती. तिथे तिची देखभाल चांगली झाली, लोकांनी तिच्यावर मायाही केली. पण देशातला एकमेव ओरांगउटान हीच तिची ओळख राहिली आणि मे २०१९ मध्ये, वयाच्या ४१व्या वर्षी, ती एकटीच गेली. तिच्याबरोबर भारतातल्या प्राणिसंग्रहालयांतला ओरांगउटानही तेव्हा संपला. सरकारी शिक्क्याने ठेवलेली बिन्नी आणि चोरून आणलेलं पलावातलं पिल्लू यांत कायद्याच्या दृष्टीने जमीन-अस्मानाचा फरक आहे. त्या जातीच्या दृष्टीने मात्र दोघांचाही हिशेब शून्यावर येतो.

यावर पक्षी-प्राण्यांच्या धंद्यातली माणसं लगेच सांगतात, ‘साहेब, आमचा माल जंगलातला नाही, कॅप्टिव्ह ब्रीड आहे.’ पिंजऱ्यातच जन्मलेला, म्हणजे जंगलाला झळ नाही, उलट जात वाढतेच आहे, असा त्यांचा युक्तिवाद असतो. तो नीट तपासायला हवा, कारण प्राणिसंग्रहालयंही पुष्कळदा हाच युक्तिवाद करतात.

ठाणे-कल्याणात परदेशी पक्ष्यांचा शौक असलेल्या घरांत सन कोन्युर सहज दिसतो. पिवळाजर्द, पोटाशी नारिंगी, पंखांत हिरवी झाक, आणि आवाज असा की वरखाली दोन मजले जागे व्हावेत. त्याचं पिल्लू दोन-तीन आठवड्यांचं झालं की आईबापांपासून काढून घेतात आणि सिरिंजने कोमट लापशी भरवून वाढवतात. त्याला म्हणतात हँडफीड. असं पिल्लू माणसाच्या खांद्यावर बसतं, म्हणून त्याला भाव जास्त. पाय बारीक असतानाच त्यात अखंड कडं सरकवलेलं असतं आणि पिसावरून डीएनए तपासून नर की मादी याचं कार्डही सोबत मिळतं. सगळं कसं शास्त्रशुद्ध दिसतं. पण उत्तर ब्राझील आणि गयाना हे ज्याचं मूळ घर, तो रानातला सन कोन्युर धोक्यात आलेल्या पक्ष्यांच्या यादीत आहे, कारण पिढ्यान् पिढ्या तो पकडून विकला गेला. आज जगभर पिंजऱ्यांत असलेले हजारो सन कोन्युर त्याच्या काडीच्याही उपयोगाचे नाहीत. त्यांतल्या कित्येकांत जंडाया या भाऊबंद जातीचं रक्त मिसळलेलं आहे, रंगांच्या हौसेपायी जोड्या भलत्याच लावलेल्या आहेत, आणि हाताने वाढलेल्या पक्ष्याला रानात काय खावं, कुणाला भ्यावं हे कुणी शिकवलेलंच नाही. डीएनएचं कार्ड लिंग सांगतं. त्या पक्ष्याचे आजी-आजोबा कोण, हे ते सांगत नाही.

आता राणीची बाग. डोंबिवलीहून लोकल पकडून भायखळ्याला उतरायचं, पोरांना पेंग्विन दाखवायचे, हा आपल्याकडच्या सुटीचा ठरलेला बेत झाला आहे. जुलै २०१६ मध्ये दक्षिण कोरियातून आठ हम्बोल्ट पेंग्विन आले. त्यांतली एक मादी ऑक्टोबरात दगावली. उरले सात, तीन नर आणि चार माद्या. मार्च २०१७ मध्ये दालन लोकांसाठी उघडलं. १५ ऑगस्ट २०१८ ला भारतातलं पहिलं पेंग्विनचं पिल्लू तिथे जन्मलं आणि आठवडाभरातच गेलं. मे २०२१ मध्ये जन्मलेला ओरिओ मात्र जगला. पुढे पाळणा हलत राहिला आणि आज ही संख्या वीसच्या घरात आहे. पेंग्विनवरून राजकारण पुष्कळ झालं, त्यात मला पडायचं नाही. तिथल्या पशुवैद्यांनी आणि राखणदारांनी एवढ्या दमट शहरात, सोळा-अठरा अंशांच्या दालनात, ही पिल्लं वाढवली याचं मला मनापासून कौतुक आहे.

काचेला नाक लावून पाहा. छातीवर काळा कमानदार पट्टा, त्याखाली प्रत्येकाचे ठिपके निराळे, चोचीच्या मुळाशी पिसं नसलेली गुलाबी कातडी. उकाडा वाढला की रक्त तिथे येतं, रंग गडद होतो आणि अंगातली उष्णता बाहेर पडते. हा बर्फातला पक्षी नव्हेच. पेरू आणि चिलीच्या कोरड्या किनाऱ्यावर, थंड सागरी प्रवाहाच्या काठी तो राहतो. समुद्रपक्ष्यांच्या विष्ठेचे जे जाड थर साचतात, त्यांत तो बीळ करून अंडी घालतो. एकोणिसाव्या शतकात खतासाठी हे थर खरवडून नेले तेव्हा त्याची घरंच गेली. १९८२-८३ च्या आणि १९९७-९८ च्या एल निनोने मासळी हटली तेव्हा पुन्हा मोठी घट झाली. त्याला वाचवायचं तर तिथली बिळं, तिथली मासळी आणि मच्छीमारांची जाळी यांकडे पाहावं लागेल.

मग भायखळ्यातल्या पिल्लांचं काय? आजची सारी पिल्लं त्या सातांच्याच पोटची, आणि ते सातही एकाच मत्स्यालयातून आलेले. बाहेरचं रक्त आलं नाही तर तिसऱ्या पिढीत भावंडांशिवाय किंवा चुलत-मावस भावंडांशिवाय जोडी लागणार नाही. तेव्हा पिल्लू जन्मल्याच्या बातमीइतकंच हेही कळायला हवं की कुठली जोडी जाणूनबुजून लावली आणि कुठली टाळली. नात्यातल्या जोडीचं अंडं काढून घेऊन जागी खोटं अंडं ठेवण्याची पद्धत जगभरच्या संग्रहालयांत रुळलेली आहे. त्यात क्रौर्य नाही, जबाबदारी आहे.

त्र्यंबकेश्वरला तीर्थोपाध्यायांच्या वहीत आपल्या खापरपणजोबांचं नाव सापडतं. दुर्मीळ प्राण्यांच्याही अशाच वंशावळीच्या वह्या असतात. त्यांना स्टडबुक म्हणतात. जगात कुठेही त्या जातीचं पिल्लू जन्मलं की त्याचा क्रमांक, आई, बाप, स्थलांतर, मृत्यू असं सगळं एका ठिकाणी नोंदलं जातं आणि पुढची जोडी कुठल्या देशातल्या कुणाशी लावायची हे त्यावरून ठरतं. हम्बोल्ट पेंग्विनसाठी युरोपातली संग्रहालयं असा एकत्रित कार्यक्रम चालवतात. आपल्याकडेही केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरण आणि भारतीय वन्यजीव संस्था मिळून देशी प्राण्यांची स्टडबुकं तयार करतात.

हे नीट केलं तर काय साधतं, याचा दाखला अरबी ओरिक्स या हरणाने दिला. १९६३ मध्ये अमेरिकेतल्या फिनिक्स प्राणिसंग्रहालयात नऊ ओरिक्सांचा कळप जमवायला घेतला. कुणी ओमानच्या सीमेवरून पकडलेला, कुणी लंडनचा, कुणी कुवेतचा, कुणी सौदीतला. रानातला शेवटचा ओरिक्स १९७२ मध्ये मारला गेला आणि १९८२ मध्ये पिंजऱ्यांत वाढलेल्या कळपातून ओरिक्स ओमानच्या वाळवंटात सोडले गेले. संख्या चारशेपार गेली. मग श्रीमंतांच्या खासगी संग्रहांसाठी ते पुन्हा पकडले जाऊ लागले आणि कळप इतका घटला, शिवाय सरकारने अभयारण्यच इतकं आखूड केलं, की २००७ मध्ये युनेस्कोने ते जागतिक वारशाच्या यादीतून काढून टाकलं. दोन पिढ्यांची मेहनत हौसेच्या मागणीने खाल्ली. पलावातला फ्लॅट मला याच मागणीचा टोकाचा धागा वाटतो, म्हणून ‘शौक आहे, कुणाचं काय जातं’ हे मला पटत नाही.

हीच फूटपट्टी मी मोठ्या संग्रहांनाही लावतो. जामनगरच्या वनतारात देशोदेशींचे दुर्मीळ प्राणी जमले आहेत. २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने नेमलेल्या विशेष तपास पथकाने तिथे नियमभंग नसल्याचा निर्वाळा दिला. त्याच वर्षी साइट्स या आंतरराष्ट्रीय कराराच्या सचिवालयाने आयातीच्या कागदपत्रांची छाननी अधिक काटेकोर करायला भारताला सांगितलं. संग्रह नियमात आहे की नाही, एवढ्यावर माझं समाधान होत नाही. तिथे जन्मणाऱ्या पिल्लाला त्याच्या मुलखात कुणी मागितलं आहे का, हे मला विचारायचं आहे.

आपल्या दाराशीही एक उदाहरण आहे. येऊरचा डोंगर ज्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा भाग आहे, त्याच्या बोरिवलीच्या बाजूला वाघाटीच्या प्रजननाचा प्रकल्प आहे. वाघाटी ही जगातल्या सर्वांत लहान मार्जारांपैकी एक, वजन जेमतेम दीड किलो, आणि भारत, श्रीलंका, नेपाळ सोडून कुठेच नाही. तिच्या पिल्लांना सोडायचं झालं तर रान आपल्याच राज्यात आहे, तिच्यावर काम करणारे वनरक्षक मराठीत बोलतात. तिच्यासाठी पेंग्विनच्या दालनाच्या पासंगालाही पुरेल एवढी प्रसिद्धी झालेली नाही.

कायदा आता पूर्वीइतका ढिला राहिलेला नाही. वन्यजीव संरक्षण कायद्यातली २०२२ ची दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली आणि साइट्सच्या यादीतले परदेशी प्राणी कायद्याच्या चौथ्या अनुसूचीत आले. फेब्रुवारी २०२४ च्या नियमांप्रमाणे असा प्राणी घरी असेल तर परिवेश पोर्टलवर नोंदणी करायची, जन्म-मृत्यू आणि हस्तांतर कळवायचं. ठाणे-डोंबिवलीत ज्यांच्या घरी कोन्युर, मकाव, बॉल पायथन आहे, त्यांनी हे आधी पाहावं. कासव मोठं झालं म्हणून मासुंदा किंवा उपवन तलावात सोडू नये. लाल कानाचं ते अमेरिकी कासव आपल्या कासवांचं खाणं आणि जागा दोन्ही बळकावतं. आणि विकत घ्यायला निघालेल्यांनी दुकानदाराला या पिल्लाच्या आईबापांचे कागद मागावेत. ते नसतील तर पैसे खिशातच ठेवावेत.

मुंबई महापालिकेकडे माझं मागणं साधं आहे. पेंग्विनच्या काचेशेजारी एक फलक लावा. त्यावर मूळच्या सात पक्ष्यांपासून आजच्या शेवटच्या पिल्लापर्यंत सगळ्यांची वंशावळ काढा, नात्याबाहेरचा पक्षी कुठून आणि केव्हा आणणार ते लिहा, आणि तो येईपर्यंत भावंडांच्या जोड्या लावणार नाही असंही लिहा. तिकिटाच्या उत्पन्नातला ठरावीक वाटा पेरू-चिलीच्या किनाऱ्यावर बिळं राखणाऱ्यांना द्यायचा ठराव करा, आणि दरवर्षी किती पैसे पाठवले तो आकडाही त्याच फलकावर लिहा.